दोन्ही नेट एकदमच कशी जातात?

जूनची चाहूल लागली की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. तोवर 'वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही' हे रडगाणं असतं; वळिवाचे दोन शिडकावे झाले की 'नेट गेलं' सुरू होतं. यंदा बहुतेकांना घरात दुसरं कनेक्शन घ्यायचंय, किंवा घेतलंय आणि ऐन वेळी ते कामाला आलं नाही. म्हणून या अंकात फक्त तेवढंच. मी चिपळूण-गुहागर पट्ट्यात केबल ओढतो आणि राऊटर बसवतो. त्यामुळे माझी उत्तरं जरा विजेकडे आणि झाडांकडे झुकलेली असतात, हे शहरातल्या वाचकांनी आधीच धरून चालावं.

प्रश्न : मी आणि मिसेस दोघंही आयटीत, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. एका मोठ्या कंपनीचं फायबर होतंच, बॅकअप म्हणून गल्लीतल्या केबलवाल्याचंही घेतलं. तरी गेल्या महिन्यात दोन्ही एकाच दुपारी बंद पडली, ती रात्रीच आली. मग दुप्पट पैसे भरून मिळवलं काय? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पैसे दोन कनेक्शनांचे गेले, वाट मात्र बहुधा एकच मिळाली. हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. रविवारी सकाळी गच्चीवर जा आणि खिडकीतून बाहेर पडणाऱ्या दोन्ही काळ्या केबल नजरेने धरून पुढे जात राहा. जुन्या सोसायट्यांत काम निघालं की मला हटकून दिसतं ते असं : दोन्ही केबल एकाच पाइपातून वर येतात, एकाच कठड्यावरून एकाच गुलमोहोरावर टेकतात आणि रस्त्यापलीकडच्या एकाच खांबावर एकाच झिप टायमध्ये आवळलेल्या असतात. फांदी पडली, उंच डंपरने वायर ओढली, नाहीतर खांब साफ करायला आलेल्यांनी कोयता चालवला, की एका घावात दोन्ही जातात. जमिनीखालून गेलेल्या असतील तरी जेसीबीला कुठली कोणाची ते कळत नाही.

दुसरी तपासणी घरात बसून होते. आधी एका कनेक्शनवर आणि मग दुसऱ्यावर, 'माझा आयपी काय' हे मोबाइलवर शोधा (आयपी म्हणजे नेटवरचा तुमचा आकडी पत्ता). आयपीच्या शेजारी कंपनीचं नाव येतं. दोन्ही वेळा एकच नाव आलं, तर तुमचा केबलवाला त्याच मोठ्या कंपनीकडून नेट घेऊन तुम्हाला पुढे देतोय. मग गल्लीतली केबल शाबूत असूनही दोन्ही जाणार.

तिसरी गोष्ट लोक बघतच नाहीत : घरात येते ती वायर कुठली आहे? बारीक केबल आणि तिच्या टोकाला हिरवं चौकोनी कनेक्टर असेल, तर ते खरं फायबर. त्याच्या वाटेत जे स्प्लिटर असतात, त्यांना वीज लागत नाही; प्रकाश नुसता फाटे फुटून पुढे जातो. त्यामुळे अख्ख्या गल्लीची लाइट गेली तरी कंपनीच्या केंद्रात वीज आहे आणि तुमचा डबा (फायबर ज्यात येऊन लागतं ते कंपनीचं यंत्र) बॅटरीवर आहे, तर नेट चालू राहतं. पण घरात येणारी वायर जाड निळी किंवा करडी लॅन केबल असेल, तर समजा गच्चीवर किंवा जिन्याखाली पत्र्याच्या पेटीत एक स्विच (एक लाइन अनेक घरांना वाटणारा डबा) आहे आणि तो सोसायटीच्या किंवा कुणा शेजाऱ्याच्या विजेवर चालतोय. ती वीज गेली की घरात कितीही मोठा इन्व्हर्टर असो, उपयोग शून्य.

माझा सल्ला : दुसरं कनेक्शन तारेचं घेऊच नका. एक तारेतून आणि एक हवेतून, ही जोडी बरी. घरगुती वापराचं ५जी आता शहरांत सहज मिळतं. जिओचं एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी आलं. एअरटेलचंही त्याच वर्षीचं. तेही महाग वाटत असेल, तर सिम घालायचा राऊटर आणि त्यात साधं प्रीपेड सिम. फक्त फायबर ज्या कंपनीचं, तिचंच सिम घेऊ नका. मोबाइल टॉवरलाही नेट बहुतेक वेळा फायबरनेच येतं आणि एकाच कंपनीची टॉवरची नि घराची लाइन एकाच चरातून गेलेली असू शकते.

केबलवाल्याचं कनेक्शन बंद करताना त्याच्याशी भांडू नका. त्याची माणसं रात्री दहाला शिडी घेऊन येतात, मोठ्या कंपनीची येत नाहीत. किंबहुना मी तुमच्या जागी असतो तर केबलवाला ठेवला असता, मोठ्या कंपनीचं फायबर सोडलं असतं आणि तिचंच हवेतलं घेतलं असतं.

प्रश्न : तुमच्याच सदरात वाचून दोन वॅनचा, म्हणजे बाहेरून येणारी दोन कनेक्शनं लावता येतात असा, राऊटर आणला (टीपी-लिंकचा ईआर६०५). वॅन एकला फायबर, वॅन दोनला ५जीचा डबा. फायबरच्या डब्याची लॅन केबल काढली की चुटकीसरशी दुसऱ्यावर जातो. सगळ्यांना दाखवून झालं. पण परवा खरोखर नेट गेलं तेव्हा पाऊण तास ढिम्म हलला नाही. शेवटी हाताने केबल काढली, तेव्हा गेला. राऊटर खराब आहे का? — एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : राऊटर ठीक आहे. त्याला नेट गेलेलं कळलंच नाही.

तुम्ही केबल काढता तेव्हा राऊटरच्या पोर्टवरचा दिवा विझतो आणि त्याला समोर कोणी नाही हे लगेच समजतं. खरं नेट जातं तेव्हा असं काही होत नाही. बाहेर कुठेतरी फायबर तुटतं, कंपनीने दिलेल्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लुकलुकायला लागतो, पण डबा ते राऊटर ही हातभर केबल जागच्या जागी असते. पोर्टचा दिवा हिरवा. डब्याकडे मागितला की १९२.१६८.१ वाला आयपीही मिळतो. राऊटरच्या दृष्टीने सगळं आलबेल.

कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये (नेट नुसतं पुढे ढकलणारा) असेल आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करायचं, यूजरनेम-पासवर्ड तुमच्या राऊटरमध्येच टाकलेलं असेल, तर फायबर तुटल्यावर ते सेशन थोड्या वेळाने पडतं आणि राऊटर जागा होतो. तरी बिघाड कंपनीच्याही पुढे, मुंबईत कुठेतरी असेल, तर सेशन तसंच उभं आणि नेट मात्र नाही, असंही होतं. म्हणून राऊटरला दर काही सेकंदांनी बाहेरचं दार वाजवून बघायला सांगावं लागतं. तुमच्या मॉडेलमध्ये 'ट्रान्समिशन'खाली 'लोड बॅलन्सिंग' आहे, त्यात 'लिंक बॅकअप' आणि 'ऑनलाइन डिटेक्शन' अशी पानं आहेत. लिंक बॅकअपमध्ये वॅन एक मुख्य, वॅन दोन बॅकअप, प्रकार 'फेलओव्हर', म्हणजे एक लाइन गेली की आपोआप दुसरीवर जाणं. ऑनलाइन डिटेक्शनमध्ये ऑटोवर भरवसा न ठेवता मॅन्युअल निवडा आणि पिंग करायचा, म्हणजे दार वाजवायचा, पत्ता स्वतः द्या. कंपनीच्या गेटवेचा (तुमची लाइन जिथे पहिल्यांदा पोचते त्या यंत्राचा) पत्ता देऊ नका, तो कंपनीच्याच घरातला. बाहेर काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. वेबसाइटचं नावही देऊ नका, आकडेच द्या.

आता इथे एक बारीक खोच आहे आणि ती मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेली नसते. बरेच राऊटर पिंगसाठी दिलेला पत्ता त्या त्या वॅनला बांधून टाकतात. मायक्रोटिक कंपनीच्या राऊटरवर तर तसा मार्ग आपणच लिहितो. म्हणजे वॅन एकच्या तपासणीला ८.८.८.८ दिला, तर ८.८.८.८ कडे जाणारं सगळं वॅन एकमधूनच जाणार, मग वॅन एक मेलेली का असेना. आणि घरातल्या सगळ्या फोनांना, लॅपटॉपना डीएनएस (वेबसाइटच्या नावाचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून तोच ८.८.८.८ दिलेला असतो! फायबर जातं, राऊटर इमानेइतबारे दुसऱ्या वॅनवर येतो, पण एकही वेबसाइट उघडत नाही. लोक राऊटरला शिव्या देतात. म्हणून तपासणीचे पत्ते वेगळे ठेवा आणि वापरायचे वेगळे. मी तपासणीला एका वॅनवर ९.९.९.९ आणि दुसऱ्यावर ८.८.४.४ देतो, घरातल्या उपकरणांना डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८. कंपनीने दिलेला डीएनएस ठेवू नका. तो बऱ्याचदा फक्त त्या कंपनीच्या ग्राहकालाच उत्तर देतो, दुसऱ्या लाइनवरून विचारलं की गप्प.

किती वेळात हलायचं? जिथे आकडा ठरवता येतो तिथे मी पाच-पाच सेकंदांनी पिंग आणि लागोपाठ तीन चुकले की लाइन गेली, असं ठेवतो. परत येताना मात्र घाई नको. तुटकं फायबर जोडताना लाइनमन ते तीन-चार वेळा लावून-काढून बघतो. प्रत्येक वेळी राऊटर उड्या मारायला लागला तर दोन्हीकडचे कॉल तुटतात. फायबर पाच-दहा मिनिटं सलग टिकलं, मगच परत.

तुमच्या पत्रात लिहिलेलं नाही, पण विचारतो : दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ च तर नाही ना? कंपन्यांचे निम्मेअधिक डबे त्याच पत्त्यावर येतात. दोन्ही बाजूंना एकच पत्ता असेल, तर राऊटरला कुठल्या दारातून बाहेर पडायचं ते ठरवता येत नाही आणि मग कधी चालतं, कधी नाही, असा भुताटकीचा प्रकार सुरू होतो. ५जीच्या डब्याला १९२.१६८.२.१ करा आणि घरातलं नेटवर्क तिसरंच, समजा १९२.१६८.५०.१.

आणि दोन्ही डब्यांचं स्वतःचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं की तुमचा फोन जुन्या सवयीने फायबरच्या डब्यालाच चिकटतो, नव्या राऊटरला वळसा घालून. मग 'लॅपटॉपला नेट आहे, फोनला नाही' अशी तक्रार येते. ईआर६०५ ला स्वतःचं वायफाय नाही, त्यामुळे आधीचा राऊटर फेकू नका. त्याचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना आयपी वाटण्याचं काम) बंद करून लॅन पोर्टात केबल द्या, तो नुसता वायफायचा खांब म्हणून उभा राहील. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, म्हणजे घरात कोणाला काही कळणारही नाही.

शेवटी परीक्षा. लॅन केबल काढून नव्हे, फायबरचं हिरवं कनेक्टर डब्यातून हळूच काढून. टोकाला बोट लावू नका, त्यात डोकावून बघू नका (आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं नव्हे), धूळ जाऊ नये म्हणून टोपी लावा. मग घड्याळ बघा. अर्ध्या मिनिटात दुसऱ्या लाइनवर नेट आलं, तर काम झालं. त्या वेळी चालू असलेला व्हिडिओ कॉल मात्र गोठेल. तुमचा बाहेरचा आयपी बदलतो आणि जुन्या जोडण्या तुटतात, त्याला इलाज नाही. कॉल स्वतःहून परत जोडला जाईल, ऑफिसचं व्हीपीएन कदाचित पुन्हा लॉगिन मागेल. कॉलला धक्काही लागू नये अशा सेवा आहेत, त्या दोन्ही लाइनींचं नेट बाहेरच्या एका सर्व्हरवर एकत्र बांधतात आणि त्याचं दरमहा भाडं घेतात. शेअर बाजारात दिवसभर सौदे करणाऱ्याला परवडेल. मीटिंगमध्ये अर्धा मिनिट गोठल्याने कोणाचं काही बिघडत नाही. उलट काही मीटिंगना ते बरंच असतं.

प्रश्न : १०० एमबीपीएसची दोन कनेक्शनं लोड बॅलन्सवर लावली. स्पीड टेस्टला कधी १९० दिसतात, कधी ९५. फाइल उतरवताना ९५ च्या वर जात नाही. शिवाय बँकेची साइट मध्येच बाहेर काढते. — एक वाचक, ठाणे

उत्तर : लोड बॅलन्समध्ये जोडण्या वाटल्या जातात, वेगाची बेरीज होत नाही. एक फाइल एका जोडणीतून येत असेल, तर ती एकाच लाइनवरून येणार, म्हणून ९५. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, म्हणून कधीकधी १९०. बँकेचं म्हणाल, तर तुमची एक विनंती एका आयपीवरून आणि दुसरी दुसऱ्यावरून पोचली की बँकेला चोर आल्यासारखं वाटतं. 'ॲप्लिकेशन ऑप्टिमाइझ्ड राऊटिंग' असा (एका साइटशी चाललेलं काम एकाच लाइनवर ठेवणारा) पर्याय असेल तर तो चालू करा. पण घरात चार माणसं असतील, तर मी लोड बॅलन्स बंदच ठेवतो. एक मुख्य, एक राखीव. दोष शोधायलाही सोपं जातं.

प्रश्न : गुहागर तालुक्यात समुद्राकडच्या वाडीत राहते. शाळेचं ऑनलाइन काम, मुलीची बीएडची लेक्चरं. फायबर आहे, पण पावसात दिवसाआड जातं. मोबाइलची रेंज फक्त पडवीत. सिमचा राऊटर आणि लांब वायरचा अँटेना घ्यावा, असं दुकानदार म्हणतो. लाइट गेली की इन्व्हर्टर आहे, तरी नेट पाच मिनिटं जातंच. — एक शिक्षिका

उत्तर : बाई, आधी लाइट, मग अँटेना. दुकानदार उलट्या टोकाने सुरुवात करतोय.

तुमचं फायबर 'दिवसाआड जातं' त्यातलं किती खरोखर फायबर जातं आणि किती वेळा नुसती लाइट गेल्यामुळे डबा बंद होऊन परत सुरू होतो, हे बघा. घरगुती इन्व्हर्टरला मागे किंवा बाजूला एक खटका असतो : 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको'. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर यायला क्षणभर उशीर होतो. पंख्याला ते कळत नाही, राऊटरला कळतं. तो बंद पडतो, पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं, मग फायबरशी ओळख पटायला आणखी. लाइट परत आली की पुन्हा तोच खेळ. खटका यूपीएसवर टाका. तेवढ्याने थांबलं नाही तर राऊटरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तळहाताएवढा, दोन हजारांच्या आत-बाहेर. अडॅप्टर आणि राऊटर यांच्या मध्ये तो बसतो. घेण्याआधी दोन्ही डब्यांच्या अडॅप्टरवरचं बारीक लिखाण वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही राऊटर ९ किंवा ५ व्होल्टचे निघतात आणि पिन तीच बसते. चुकीच्या व्होल्टची पिन लावली तर राऊटर धूर काढतो. १२ व्होल्ट १ अँपिअरचा डबा आणि १२ व्होल्ट २ अँपिअरचा राऊटर असे दोन्ही चालवायचे तर यूपीएसने एकूण ३ अँपिअर द्यायला हवेत.

आता रेंज. पडवीत येते आणि आत येत नाही याचा अर्थ टॉवर पडवीच्या बाजूला आहे आणि मध्ये भिंत किंवा स्लॅब आडवा येतो. कौलातून सिग्नल बऱ्यापैकी जातो, स्लॅबमधल्या सळ्या अडवतात, पत्रा तर जवळजवळ बंदच करतो. घर कौलारू असेल तर राऊटर माळ्यावर, टॉवरकडच्या झरोक्याजवळ ठेवा आणि तिथून खाली लॅन केबल ओढा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत काही न गमावता जाते. अँटेनाची जाड काळी वायर मात्र दहा-पंधरा मीटर झाली की अँटेनाने कमावलेलं वाटेतच गमावते. सांगायचं इतकंच की अँटेनाची वायर लांबवण्यापेक्षा राऊटरच वर चढवा. कौलांखाली उन्हाळ्यात तो तापेल, तेव्हा झाकून ठेवू नका. चार महिने गळतीची जागा टाळा.

राऊटरच्या पानावर 'आरएसआरपी' नावाचा, सिग्नल किती जोरात येतो ते सांगणारा उणे आकडा दिसतो. उणे ९५ च्या आसपास किंवा त्याहून शून्याच्या जवळ असेल तर उत्तम. उणे ११० च्या पलीकडे गेला तर कॉल तुटेल. हा आकडा बघत राऊटर वीत-वीतभर सरकवा. फोनवरच्या दांड्यांवर जाऊ नका. त्या कंपनीला हव्या तशा दिसतात. विकत घेण्याआधी निरनिराळ्या कंपन्यांची सिमं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फोनमध्ये घरीच तपासा. तुमच्या वाडीत कोणाचा टॉवर कुठल्या डोंगराआड आहे, ते दुकानदारापेक्षा दूधवाल्याला जास्त माहीत असतं.

जुना अँड्रॉइड फोन यूएसबीने राऊटरला लावून त्याचं नेट वापरता येतं. काही राऊटरना ते जमतं. दोन-चार दिवसांच्या अडचणीला ठीक आहे. पण तोच फोन पावसाळाभर चार्जिंगला लावून ठेवला की बॅटरी फुगते, मागचं झाकण उचललं जातं. माझ्या दुकानात असे फोन येतात. त्यापेक्षा सिमचा राऊटर बरा.

बाकी मोठ्या वादळाला यातलं काहीच पुरत नाही, ते आपल्याला ठाऊक आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे खांबच आडवे झाले, कित्येक दिवस वीज नव्हती. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या, पुढे जनरेटर, आणि त्याला डिझेल पोचवायला रस्ता लागतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण बाजारपेठेत शिरलं, तेव्हापासून मी एक नियम पाळतो : तळमजल्यावरच्या घरात डबा, राऊटर, यूपीएस सगळं छातीच्या वर भिंतीला ठोकायचं, टेबलाखाली नाही.

प्रश्न : मी नेदरलँड्समध्ये, आई-बाबा नाशिकला, दोघंही सत्तरीच्या पुढे. रोजचा व्हिडिओ कॉल आणि दारावरचा कॅमेरा एवढाच वापर. नेट गेलं की बाबा सगळी बटणं दाबतात आणि मग काहीच चालत नाही. दोन वॅनचा चांगला राऊटर मागवून देऊ का? — एक वाचक

उत्तर : तुमच्या बाबांसाठी ईआर६०५ वगैरे नको. त्यात चार डबे, चार अडॅप्टर, सहा वायरी. त्यांना फायबरच्या डब्याशिवाय एकच डबा द्या : ज्याला फायबरच्या डब्यातून येणारी केबलही लागते आणि पोटात सिमही बसतं, असा ४जी राऊटर. केबलचं नेट गेलं की तो आपोआप सिमवर येतो. घेताना खोक्यावर 'वॅन-लॅन पोर्ट' आणि 'फेलओव्हर' दोन्ही लिहिलेलं आहे का बघा. नुसत्या सिमवर चालणारे डबेही तसेच दिसतात.

अडॅप्टरवर मार्करने मराठीत लिहून चिकटवा : 'फायबर', 'राऊटर'. दोन्ही एका एक्स्टेन्शन बोर्डवर आणि त्याला एकच खटका. बाबांना सांगायचं ते एवढंच की दहा मिनिटं थांबा, तरी आलं नाही तर हा एक खटका बंद करून चालू करा. मागे सुईने दाबायचं रीसेटचं भोक असतं, त्यावर चिकटपट्टी लावा. ते दाबलं की सगळं सेटिंग पुसलं जातं आणि तुम्हाला तिथून काहीही करता येत नाही.

लांबून हाताळायचं म्हणाल, तर राऊटर कंपनीचं मोबाइल ॲप वापरा, बाहेरून आत यायला राऊटरचं पोर्ट उघडण्याच्या भानगडीत पडू नका. सिमवर आणि बऱ्याच फायबरवरही कंपन्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. राऊटरच्या पानावर वॅनचा आयपी १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुमचं घर अशा रांगेत आहे. बाहेरून सरळ आत येताच येत नाही. कॅमेऱ्याचं ॲप मात्र चालेल, कारण तिथे कॅमेरा स्वतःच आतून बाहेर जोडणी करतो.

सिम बाबांच्या नावावर असेल, तर त्याचे ओटीपी आणि रिचार्जचे मेसेज राऊटरच्या पोटात जाऊन पडतात. ते राऊटरच्या ॲपमध्ये वाचता येतात, हे तुम्हीच शिकून ठेवा आणि तो नंबर बँकेला किंवा गॅस एजन्सीला देऊ नका. राखीव सिम आणखी एका कारणाने दगा देतं : ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. महिन्यातून एकदा, समजा संकष्टीला, आईला फायबरची केबल काढून त्याच नेटवरून तुम्हाला व्हिडिओ कॉल करायला सांगा. सिम जिवंत राहील आणि फेलओव्हर चालतंय का तेही तिथून कळेल.

प्रश्न : बॅकअपला रोज २ जीबीचं सिम आहे. फायबर गेलं की मुलांचा टीव्ही चालूच राहतो आणि तासाभरात डेटा संपतो. मग माझं ऑफिसचं मेलही जात नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : एचडी सिनेमा तासाला ३ जीबीपर्यंत खातो, ४के असेल तर त्याच्या दुप्पट. डेटा संपल्यावर बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात मेलचं नुसतं चाक फिरतं.

टीव्हीला राऊटरमध्ये कायमचा एक आयपी बांधून द्या आणि 'पॉलिसी राऊटिंग'मध्ये नियम लिहा की हा आयपी फक्त वॅन एकवरूनच जाईल. वॅन एक बंद, तर टीव्ही बंद. मुलांच्या टॅबलाही हेच लावायचं असेल तर त्यात वायफायच्या नावावर जाऊन 'प्रायव्हेट ॲड्रेस' किंवा 'रँडम मॅक' बंद करा. नाहीतर टॅब आपला पत्ता बदलतो आणि नियम कोणाला लावायचा ते राऊटरला समजत नाही. लॅपटॉपवर विंडोजचं अपडेट, फोनवर फोटोंचा बॅकअप आणि दारावरच्या कॅमेऱ्याचं क्लाउड रेकॉर्डिंग हे तीन गुपचूप खाणारेही बघून घ्या. कॅमेऱ्याला मी सहसा सिमवर येऊ देतो, पण सतत रेकॉर्डिंग काढून फक्त हालचाल झाली की पाठव, असं करून.

तुमचा राऊटर कंपनीने दिलेलाच असेल आणि त्यात पॉलिसी राऊटिंग नसेल, तर स्वस्त तोड आहे : टीव्हीची लॅन केबल थेट फायबरच्या डब्यात लावा आणि त्याचं वायफाय विसरायला लावा. फायबर जाईल तेव्हा टीव्ही आपोआप थंड पडेल.